गढीतली रिकामी गादी

एका राज्यात एक सरदारघराणे होते, आणि त्या घराण्यात कुणालाच बसता येत नव्हते. जरा टेकले की पाय आपोआप चालू लागत. जेवण उभ्याने, डुलकी चालता चालता. गढीच्या दिवाणखान्यात गादी होती, पण ती रिकामी. तिच्यामागे सरदार हैबतरावांच्या आजोबांना मिळालेली मानाची तलवार आणि पाचूचा शिरपेच मखमलीवर खुशाल पहुडले होते, भोवती पिवळ्या नागाचे वेटोळे. पाहुणे आले की हैबतराव येरझारा घालत घालत आजोबांनी खिंड कशी राखली ते सांगत. हौस दांडगी!

हैबतरावांची सून कुंदा, दिवस भरत आलेली. पोटावर हात ठेवून दिवसभर गढीभर फिरे. वैद्य म्हणाले, "हिची पाठ टेकली नाही तर बाळ-बाळंतीण हाती लागणार नाहीत." हे ऐकून नणंद सगुणा तटाकडे धावली.

तेव्हा तटावरची टिटवी बोलली, "मुली, तुझ्या पणजोबांनी ज्याला उभे ठेवले, त्याला राजवाड्याच्या दारात जाऊन भेट."

दारात मांत्रिक उदोनाथ उभा होता. गुडघ्यांपर्यंत वारूळ चढलेले. येणारेजाणारे त्याला खांब समजत.

"खिंड मी राखली," तो म्हणाला. "धुके पाडले, शत्रूची वाट चुकवली. पण दरबारात ज्याला बैठक नाही त्याने मान घ्यायचा नाही, असा रिवाज. तुझा पणजोबा म्हणाला, 'तुमच्या वतीने मी घेतो. थांबा, आलोच.' मी थांबलो आहे. मी बसेपर्यंत तुमच्यात कुणी बसणार नाही."

"काय केले म्हणजे बसाल?"

"तीन गोष्टी. नागाकडून माझा मान सोडव. खिंड कुणी राखली ते भर दरबारात सांग. तिसरी मी मागणार नाही."

सगुणेने नागाला सांगितले, "ज्याचे आहे त्याला देते." नाग सरकला. हैबतराव मात्र आडवे आले.

"पोरी, घराण्याची अब्रू जाईल!"

"आबासाहेब, वहिनी जाईल."

हैबतराव बाजूला झाले. सगुणेने दरबारात सारे सांगितले. राजाने मान खाली घातली. वारूळ ढासळले आणि उदोनाथ तिच्यामागे गढीत आला. तलवार घेतली, शिरपेच घेतला, तरी उभाच. आतून कळा देणाऱ्या कुंदेचा आवाज येत होता, आणि ती चालतच होती.

हैबतराव येरझारा घालता घालता गादीपाशी आले. उपरण्याने तिच्यावरची धूळ झटकली. हात जोडून म्हणाले, "आम्ही तुम्हाला फार वेळ ताटकळत ठेवले. बसा."

उदोनाथ बसला. आत कुंदेची पाठ अंथरुणाला टेकली, आणि घटकाभरात बाळ रडले. शाप फिटला, नाग रानात गेला, तलवार-शिरपेच उदोनाथाच्या नावाने गढीत राहिले.

हैबतरावांचे पाय थांबले होते. तरी ते गादीशेजारी उभेच.

"सरदार, बसा की आता," उदोनाथ म्हणाला.

"बसतो," हैबतराव म्हणाले. "आधी तुमच्या पायांचा शीण जाऊ द्या."