ओट्याखालची कमान

“पण खाली कमान आहे, हे तुला सांगितलं कुणी?” गोदाक्कांनी विचारलं.

“रडारनं, अक्का.” सारंगधरनं लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात धरला.

पडद्यावर खरोखरच कमान होती. मधे उंच, दोन्हीकडे उतरत गेलेली, सुरेख.

नदीकाठच्या या लहानशा मठात सारंगधर लहानाचा मोठा झाला. अक्षरं इथंच गिरवली, अक्कांच्या हातचा मारही इथंच खाल्ला. पुढे शहरात जाऊन बडा इंजिनिअर झाला. मठ स्थापणाऱ्या, फार जुन्या काळच्या मूळ गुरूंची समाधी नेमकी कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मठ सांभाळता सांभाळता ऐंशी ओलांडलेल्या अक्कांना ती एकदा तरी दाखवायची, या एका ध्यासानं तो बाबागाडीसारखं एक यंत्र ढकलत आला होता. यंत्र जमिनीत लहरी सोडी, खालून परतणारे पडसाद टिपी आणि त्यांचं चित्र काढी.

“हेच समाधीचं तळघर. उद्या सकाळी ओटा फोडायचा. माणसं सांगून ठेवलीत.”

अक्का बसल्या होत्या, तोच ओटा. अक्कांना शिकवलेल्या गुरूंनी स्वतः माती कालवून बांधलेला. अक्कांनी त्याच्यावरून नुसता हात फिरवला. त्या चक्क नाही म्हणाल्या असत्या तर बरं, असं सारंगधरला उगाच वाटून गेलं.

“फाटकापाशी जा,” त्या म्हणाल्या. “तिथून मला हाका मारत ये. थांबू नकोस. मला ओलांडून पार गोठ्यापर्यंत जा.”

“आत्ता?... अक्का, मी चाळिशीचा झालो.”

“मग आवाज चांगला फुटला असेल.”

बिचारा गेला. फाटकातून ओरडला, “अक्का!”

“ओ...” लांबून, बारीक.

ओट्याजवळ आला, तेव्हा ओ अगदी कानाशी आली. गोठ्यापाशी पोचेतो ती पुन्हा लांब गेली.

“किती अक्का भेटल्या?”

“एकच की.”

“आणि ओ?”

“पुष्कळ. आधी लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून...”

बोलता बोलता तो थबकला. पडद्याकडे बघत राहिला.

यंत्रही फाटकापासूनच हाका मारत आलं होतं. लांबून आलेली ओ खोलातली समजून त्यानं चित्रात खाली मांडली, जवळची वर, पुन्हा लांबची खाली. वस्तू एकच. कमान झाली होती ती यंत्राच्या येण्याजाण्याची.

हा तर त्याच्या विद्येतला पहिला धडा. विखुरलेले पडसाद गोळा करून मूळ जागी बसवायचं गणित असतं, ते त्यानं गाळलं होतं. हवं तेच दिसल्यावर गणित कोण करत बसतो?

त्यानं तिथंच मांडी घालून ते केलं. कमान आक्रसत गेली. तिच्या माथ्याशी एक ठिपका उरला.

“दगड आहे, अक्का. एकच.” त्यानं लॅपटॉप मिटला. “मला तुम्हाला समाधी दाखवायची होती हो...”

अक्कांनी दंडाला धरून त्याला ओट्यावर ओढलं आणि लहानपणी पुसत तसं पदरानं तोंड पुसलं. त्याला फार बरं वाटलं.

“त्या दगडानं तुला ओ दिली ना?”

“दिली...”

“मग खणायचं कशाला?”