राखेने घेतलेले माप

एकदा एक व्यापारी आपला घोडा ओढत खोगिरे शिवणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या दारी आला. ओढत म्हणजे खरोखरच ओढत. घोडा पुढचे पाय रोवून उभा राही आणि व्यापारी दोराला लोंबकळे. घोडा उंचीने तट्टाएवढा, पण अंगाने भरदार होता. मान जाड, छाती रुंद, पाठ पाटासारखी सपाट.

“बाबा, जनावर खोडीचं आहे,” व्यापारी म्हणाला. “तुमच्या शिष्यानं दोन खोगिरं करून दिली. पहिलं घातलं की चावायला येतो. दुसरं घातलं तर मला ओढ्यात पाडलं. उद्या बाजारात वीटभट्टीवाल्याला देऊन टाकतो. माती वाहील तेव्हा सरळ होईल.”

शिष्याचा चेहरा उतरला. दोन्ही खोगिरे त्याच्याच हातची होती.

“माप कसं घेतलंस?” वृद्धाने विचारले.

“दोरीनं, आबा. खुरापासून खांद्यापर्यंत. उंची तट्टाची भरली, म्हणून तट्टाचं खोगीर केलं.”

“आणि दुसरं?”

“ते लहान झालं, म्हणून मोठ्या घोड्याचं केलं.”

वृद्धाने कपाळावर हात मारला. “तीन वर्षं मी तुला शिकवतोय की या भिंतीला?”

एवढे बोलून तो आत गेला आणि सूपभर राख घेऊन आला. घोड्याच्या काळ्याभोर पाठीवर त्याने ती हलकेच पसरली. व्यापाऱ्याने घाईघाईने जोडे काढून हात जोडले. “मला वाटलंच होतं, नजर लागलीय. थोडा अंगारा माझ्याही कपाळाला लावा.”

“चुलीतली राख आहे ही, शेटजी. जोडे घाला आणि घोडा धरा.”

पहिले खोगीर चढवून घोड्याला अंगणात एक फेरी मारायला लावली, मग ते उचलले. गादीखालची राख जशीच्या तशी होती. फक्त खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटभर पट्टे पुसलेले. शिष्याने तिथे बोट ठेवताच घोड्याने कान मागे पाडले आणि कातडी थरथरवली. पुन्हा राख पसरून दुसरे खोगीर चढवले. या खेपेस राख पार कमरेपर्यंत पुसली गेली होती, आणि तीही एकाच बाजूला जास्त.

“दिसलं?” वृद्ध म्हणाला. “पहिलं अरुंद, म्हणून दोन जागी चिमटे काढत होतं. दुसरं लांब, म्हणून कमरेवर बसून डोलत होतं. हा उंचीनं तट्टू आणि रुंदीनं घोडा. याला खोगीर हवं आखूड पण रुंद. पोटाखालचा तंग हवा मोठ्या घोड्याचा. तोंडावरचा पट्टा गालाशी आखूड, कपाळाशी ऐसपैस. तुझं माप चुकलं, त्याचं मला काही नाही. पण चुकल्यावर पुन्हा मोजायचं सोडून तू नुसतं मोठं केलंस, याचा मला वैताग आहे. आणि शेटजी, तुम्ही त्याला खोडी म्हणालात. दुखतंय हे त्यानं चावून नाही तर कसं सांगायचं? अर्ज लिहायचा?”

“मग उद्याचा बाजार?” व्यापाऱ्याने विचारले.

“खुशाल जा. चालत जा. घोडा इथेच राहील. पाठ भरून यायला पंधरा दिवस लागतील.”

शिष्याने कोपऱ्यातली दोरी उचलली. “आबा, ही टाकून देऊ?”

“टाकतोस कशाला? खोटी नाही ती. एकटी आहे. आणखी चार घे. पाठीला, छातीला, पोटाला, तोंडाला एकेक.”

पंधरा दिवसांनी शिष्याने कुणी न सांगताच राख आणली. नवे खोगीर उचलले तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंना ती सारखी पुसलेली होती. वृद्धाने पाहिले, मान डोलावली आणि आत निघून गेला.

व्यापारी घरी निघाला तेव्हा दोर सैल होता. घोडा पुढे चालत होता आणि त्याला गाठताना व्यापाऱ्यालाच धाप लागत होती.

घरातले कुणी सारखे चिडत असेल, तर त्याला खोडीचे म्हणण्याआधी कुठे काचते आहे ते एकदा पाहावे.