गुणाजीशेठची सोन्यासारखी माती

महाराज वीरधवलांचा हुकूम सुटला: चंदनगडाचा नवा रस्ता सरळ जायचा म्हणजे जायचाच! आणि नेमकी आडवी आली ती गुणाजीशेठची पडीक जमीन. वीस वर्षं शेठच्या रंगाच्या कारखान्याचं जहाल पाणी तिथेच मुरत होतं. मोबदल्यात मात्र शेठला हवी होती नदीकाठची बागायत!

"सोन्यासारखी माती आहे, महाराज!" शेठ म्हणाला. प्रधानजींनीही पालखीतून न उतरताच जमीन पाहिली आणि 'उत्तम' म्हणून मोकळे झाले.

दुसऱ्याच दिवशी खोदणाऱ्या चाळीस जणांच्या पायांना फोड आले. त्यांची मुकादमीण चिमा तडक दरबारात उभी राहिली.

"महाराज, त्या मातीत इख हाय! माझी माणसं तिथं पाय ठेवायची न्हाईत!"

"कामचुकार आहेत झालं!" शेठ ओरडला.

महाराज भलते हट्टी. म्हणाले, "माती वाईट आहे असं उद्या दुपारपर्यंत शेठच्याच तोंडून वदवून दाखव. नाहीतर त्याच पायांनी खोदायचं!"

शेठ आणि कबूल करणार? स्वतःची शिंकसुद्धा माझी नाही म्हणणारा माणूस तो!

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमिनीवर जमले. पाहतात तो काय, वीस बैलगाड्या उभ्या! पायांना गोणपाट गुंडाळून माणसांनी पहिली गाडी भरलीसुद्धा होती. त्या मुलखात रीतच होती: रस्त्याखाली जाणाऱ्या जमिनीची वरची कसदार माती आधी मालकाच्या दुसऱ्या शेतात नेऊन पसरायची.

"शेठ, सोन्यासारखी माती रस्त्याखाली कशाला गाडायची?" चिमा म्हणाली. "तुमच्या डाळिंबाच्या बागंत पसरून येतो!"

शेठचा चेहरा उतरला. "छे छे! राहू दे! माझ्याकडे माती पुष्कळ आहे!"

"रीत म्हणजे रीत!" महाराज गरजले. "हाका गाड्या!"

बैलांनी पाऊल उचललं, तसा शेठ धावत जाऊन गाडीपुढे आडवाच पडला. "थांबवा! ही माती पडली तर एक झाड जगायचं नाही! मुळं जळतील माझ्या डाळिंबांची!"

प्रधानजी उगाच खोकले.

"डाळिंबाची मुळं जळतील म्हणून मातीत लोळलात, शेठ," चिमा म्हणाली. "माझ्या माणसांचे तर पाय हायेत, ते बी जित्ते!"

महाराज इतके हसले की पगडी सावरायला दोन्ही हात लागले. "शेठ, आता ही माती तुझ्या खर्चानं उचलायची, चुनेगच्ची खड्ड्यात बंद करायची, मगच रस्ता! आणि प्रधानजी, गोणपाट गुंडाळा आणि फावडं घ्या! नदीकाठची बागायत चिमाच्या माणसांना बक्षीस!"

चिमानं हात जोडले. "लई उपकार, महाराज! पण घ्यायच्या आधी म्या माती बघनार!"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. तिच्यासाठी त्यांनी स्वतःचा घोडा पुढे करायला सांगितला आणि चिमा नदीकाठची माती पाहायला निघाली.