सोमा गावकराची गळकी पत्रावळ

"एवढी गावं, आणि उत्तरात एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही?"

कुसगडचा राजा नागदेव हातातली पत्रं पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याच्या आजीने, म्हणजे थोरल्या राणीसाहेबांनी, गावोगावच्या एकेका जुन्या वडाला आणि गडावरच्या फणसाला अभयपत्र दिलं होतं. त्या झाडांना कुणी हात लावायचा नाही. पंचांनी दर वर्षी झाडाखाली बसून पत्र वाचायचं, झाड नीट बघायचं आणि अभय पुढे चालवायचं की नाही ते ठरवायचं. तुम्ही हे काम कसं करता, असं राजाने सगळ्या गावांना विचारलं होतं. सगळ्यांचं एकच उत्तर आलं: 'आम्ही दर वर्षी झाडाखाली जमतो, पत्र वाचतो आणि झाड डोळे भरून पाहतो.'

"गावांची एकी आहे, महाराज," दिवाण विसाजीपंत म्हणाले.

दाराशी उभी असलेली मुलगी फिसकन हसली. ती आवडी, खाडीवर होडी चालवणाऱ्या धाकू तारीची लेक. पत्रांची थैली तीच गडावर घेऊन आली होती.

"काय गं, हसायला काय झालं?" राजाने विचारलं.

"रागावू नका, महाराज. हे उत्तर आमच्याच होडीत जन्मलंय. सगळे कारकून एकाच खेपेला आले. एकाने घरून लिहून आणलं होतं, बाकीच्यांनी होडी काठाला लागेपर्यंत उतरवून घेतलं. मग गड चढायचा कंटाळा आला, म्हणून थैली माझ्या गळ्यात मारली."

राजाचं डोकं फिरलं. "म्हणजे विचारून उपयोग नाही. माणूस पाठवला, तर त्याला पुरणपोळ्या चारून हेच उत्तर देतील. तर आता ऐका. कुणाला काही विचारायचं नाही, गडावरून कुणी बघायला जायचं नाही, आणि तरी मला कळलं पाहिजे कोण खरं नि कोण थापाडं. नाही जमलं, तर सगळी अभयपत्रं रद्द. झाडं तोडून विकून टाकू."

पंतांचा चेहरा खुलला. लाकडाच्या सौद्याचं त्यांच्या डोक्यात कधीपासून घोळत होतं. "सुरुवात हिच्या धक्क्यावरच्या वडापासून करू," ते म्हणाले. "पाण्याशीच आहे, न्यायला सोपा."

आवडीचं हसू मावळलं. त्या वडाच्या सावलीत उतारू होडीची वाट बघत बसायचे. सावली गेली, तर सगळे पलीकडच्या धक्क्यावर जाणार आणि घरची चूल थंड पडणार. तिने पदर खोचला.

"मी सांगते, महाराज. फक्त सगळ्या पंचांना जेवायला बोलवा. भात-आमटी तुमची. पत्रावळ मात्र ज्याची त्याने आणायची, आपापल्या अभयाच्या वडाच्या पानांची."

"एवढंच?"

"एवढंच."

"ही जाऊन गावाला पढवून ठेवील," पंत म्हणाले.

"मग जेवण होईपर्यंत पोर गडावरच राहील," राजा म्हणाला.

आवडी मुदपाकखान्यात भांडी घासत राहिली. दिवसभर तिच्या मनाला एकच घोर. अभयपत्राची शेवटची ओळ आपल्या गावच्या पंचांना, सोमाबाबांना, आठवेल ना? नाही आठवली, तर आपणच आपल्या वडावर कुऱ्हाड आणली.

जेवणाच्या दिवशी गावोगावचे पंच नटूनथटून आले. हिरव्यागार, तुकतुकीत पत्रावळी पसरल्या. राजा खूश झाला. शेवटी आवडीच्या गावचे म्हातारे पंच, सोमा गावकर, आले आणि त्यांनी गाठोडं सोडलं. आत पिवळ्या, करपलेल्या, किड्यांनी खाल्लेल्या पानांची पत्रावळ. आणखी दोन गावांनीही तसलीच आणली होती. वाढप्याने आमटी वाढली, ती थेट सोमाबाबांच्या धोतरावर.

"गावकर, राजाच्या पंगतीला ही असली पत्रावळ?" राजा म्हणाला.

"काय करू, महाराज? पत्रात शेवटी लिहिलंय, 'या झाडाचं हिरवं पान तोडू नये.' तुमचा शब्द मोडवेना, थोरल्या राणीसाहेबांचाही मोडवेना. मग खाली पडलेली वेचली. आमटी धोतराने खाल्ली, भात मी खातो."

आवडीचा जीव भांड्यात पडला. ती पुढे आली.

"बघा महाराज, हिरवी पत्रावळ ज्यांनी आणली, त्यांनी एक तर अभयाच्या झाडाची पानं तोडली, नाहीतर भलत्याच झाडाची आणली. मी कुणाला विचारत नाही हं. ज्याचं त्याने सांगावं."

पंचांनी हिरव्या पत्रावळी हळूच मागे सरकवल्या. एकजण पुटपुटला, झाड आहे, पत्र कधी वाचलं नाही. दुसरा म्हणाला, पत्र आहे, पण झाडाची चावडीला तुळई झाली. राजा मांडीवर थाप मारून हसला.

"एक पत्रावळ राहिली," आवडी म्हणाली. "गडावरच्या फणसाचे पंच कोण?"

"मीच की," पंत म्हणाले. "दर वर्षी बघतो. झाड सुखरूप आहे."

"मग महाराजांच्या पुढ्यात चांदीचं ताट का? फणसाचं एखादं वाळकं पान तरी असतं."

राजा थबकला. "खरंच पंत, लहानपणी त्याचे गरे खायचो मी. कुठे आहे आपला फणस?"

पंतांनी घाईने आणखी आमटी मागितली. उत्तर आवडीनेच दिलं. "बुंधा मुदपाकखान्यामागे आहे, महाराज. मी त्याच्यावरच भांडी पालथी घालत होते. बाकीच्या फणसावर तुम्ही बसलाय."

राजाने वाकून खाली पाहिलं. पाट चांगला रुंद, पिवळाधमक होता. असाच पाहिजे म्हणून त्याने स्वतःच हट्ट धरला होता. आधी त्याचे कान लाल झाले, मग त्याला असं हसू फुटलं की ठसका लागला आणि सोमाबाबांनी त्याला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं.

"थापाड्यांचा म्होरक्या मीच निघालो की रे! अभयपत्रं कायम. पंत, उद्या फणसाची आठळी लावा आणि रोज स्वतः पाणी घाला. पोरी, तुला काय देऊ?"

"तो पाट द्या, महाराज."

राजाने पाट काढून तिच्या हाती दिला आणि उरलेला भात जमिनीवर मांडी घालून खाल्ला. धाकू तारीने पाट होडीत नेमका मध्ये ठोकला. त्यावर कुणी कारकून दौत-लेखणी काढून बसला, की आवडी वल्हं थांबवायची आणि गोड आवाजात विचारायची, "झाड बघून आलात ना, काका? नसाल, तर होडी अजून वळवता येईल."