पांढऱ्या मुळांचा न्याय

एका राज्यात सात विहिरी होत्या आणि त्या सातही विहिरींचा जीव राजवाड्याच्या गच्चीवरच्या सात कुंड्यांत होता. प्रत्येक कुंडीत एक सोनचाफा. चाफा हिरवा, तर विहीर भरलेली. चाफा वाळला, तर विहीर कोरडी. कुण्या एका सिद्धाने हे असे बांधून ठेवले होते, आणि राज्यातल्या लहानथोरांना ते ठाऊक होते.

कुंड्यांची राखण सिधोजी माळी आणि त्याची बायको तुंगा करीत.

एका वर्षी चार चाफे पिवळे पडले. चार विहिरी आटल्या. राजा मेघवर्धनाने मांत्रिक कपालकेतूला बोलावले. मांत्रिकाने वाळत चाललेला एक चाफा उपटला. मुळांवर पांढरे दिसले. मग त्याने एक हिरवा चाफा उपटला. त्याच्याही मुळांवर पांढरे.

“पांढरा शाप!” तो गरजला. “या तीन हिरव्या कुंड्यांत रानातली माती कोणी घातली?”

“मी घातली,” सिधोजी म्हणाला. “तिच्यामुळेच तर हे तिघे—”

त्याचे बोलणे कोणी पुरे होऊ दिले नाही. राजाने मान डोलावली, मांत्रिकाने दंड आपटला, आणि सिधोजी उभ्या जागी दगड झाला. तोंड उघडे ते उघडेच राहिले. तीन दिवसांनी सातही कुंड्या जाळून नवी रोपे लावावीत, अशी दवंडी फिरली.

तुंगा धावत गच्चीवर आली. नवऱ्याच्या दगडी गालावर तिने हात ठेवला. गाल थंड होता. ती रडली नाही. तशीच मातीने माखलेल्या हातांनी दरबारात शिरली. मुजरासुद्धा केला नाही.

“महाराज, मरतात चार आणि जाळायचे सात? जगणाऱ्या तिघांचा गुन्हा काय?”

“त्यांच्या मुळांवरही पांढरे आहे.”

“दूधही पांढरे आणि चुनाही पांढरा. महाराज चुना पितात काय?”

राजा म्हणाला, “तीन दिवसांत तीन पुरावे दे. नाही दिलेस, तर नवऱ्याशेजारी दगड होऊन उभी राहशील.”

“राहीन उभी. पण शिक्षा आधी आणि पुरावा मागून, हा कुठला न्याय?”

उत्तराची वाट न पाहता तुंगा निघाली.

वेशीबाहेर तांबड्या पंखांचा भारद्वाज कुंपणावर बसला होता. तो म्हणाला, “रागावून चालतेस, ते ठीक. पण वाट चुकतेस. सिधोजीने माती आणली ते रान उजवीकडे आहे.”

भारद्वाज पुढे, तुंगा मागे. दुसऱ्या दिवशी पहाटे ते एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली पोचले. त्या रानातली झाडे जमिनीखालून बोलत. तुंगाने भुईला कान लावला. ऐन शेजारच्या तहानलेल्या बेहड्याला विचारत होता, “पाणी पोचले का?” बेहडा म्हणत होता, “पोचले.” तिने हाताने माती उकरली. मुळामुळांतून पांढरे, केसाहून बारीक धागे पसरले होते, एकाला दोन फाटे, दोनाचे चार. त्यांतूनच पाणी जात होते.

“आणि याला हे शाप म्हणतात!” ती दात खाऊन म्हणाली. तिने ओंजळभर माती पदरात बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजा, मांत्रिक आणि सारा दरबार गच्चीवर जमला. तुंगाने मरणारा एक आणि हिरवा एक असे दोन चाफे मुळांसकट समोर ठेवले. मग पदराची गाठ सोडली.

“पहिला पुरावा नाकाचा. महाराज, ही रानातली माती हुंगा. आता हिरव्याची मुळे हुंगा.”

राजाने हुंगले. दोन्हींना अळंब्यांचा ओलसर वास होता. मरणाऱ्याच्या मुळांना तो नव्हता; तिथे नुसता कुजका दर्प होता.

“वास फसवतो,” कपालकेतू म्हणाला.

“मग दुसरा पुरावा पाण्याचा.” तिने हिरव्याच्या धाग्यांवर थेंब सोडला. धागे तो पिऊन गेले. मरणाऱ्याच्या मुळांवर पांढरे कापसासारखे पुंजके होते. तिथला थेंब अळूच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळला. “या पुंजक्यांवर मेण आहे. चिमटीत धरून पाहा, बोटे तेलकट होतात.”

राजाने चिमटीत धरले आणि बोटे झग्याला पुसली.

“तिसरा पुरावा डोळ्यांचा. दोन्ही मुळे उन्हात धरा आणि गप्प पाहत राहा.”

सगळे पाहू लागले. धागे जागचे हलले नाहीत. पांढऱ्या पुंजक्यांना मात्र पाय फुटले आणि ते सावलीकडे सरकू लागले. भारद्वाज कठड्यावरून उतरला आणि त्याने एक टिपून गिळला. “किडा आहे महाराज,” तो म्हणाला. “मुळांचा रस पितो. मुंग्या याला एका कुंडीतून दुसरीत नेतात.”

मुंग्यांची रांग सगळ्यांनाच दिसली. चार कुंड्यांपासून निघून ती कठड्याच्या टोकाला, कपालकेतूने गेल्या वर्षी आणून ठेवलेल्या मंतरलेल्या रोपात शिरत होती.

“मी ते रोप मंतरून ठेवले होते,” मांत्रिक पुटपुटला.

“मंतरलेत. पण मुळे पाहिलीत? एकदा तरी?” तुंगाचा आवाज चढला. “ज्याने कुंड्या जगवल्या तो दगड, आणि ज्याने कीड आणली त्याच्या हाती दंड! उतरवा हा शाप!”

“माझ्याने तो उतरत नाही. हुकूम राजाचा होता. राजाने आपली चूक तोंडाने कबूल केली, तरच तो उतरतो.”

राजा पायांकडे पाहत हळू म्हणाला, “माझे चुकले.”

दगड हलला नाही.

“मोठ्याने, महाराज,” तुंगा म्हणाली. “आणि काय चुकले तेही सांगा.”

राजाने मुकुट काढला. “मी पाहिले नाही! मी याचे बोलणे ऐकून घेतले नाही! न पाहता, न ऐकता मी निरपराध माणसाला दगड केले!”

सिधोजीच्या गालावर रंग चढला. छाती हलली. त्याने आधी तुंगाकडे, मग कुंड्यांकडे पाहिले आणि विचारले, “तिघे हिरवे आहेत ना?”

“आहेत,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटले.

कपालकेतूचा दंड काढून घेण्यात आला आणि त्याच्या हाती घासणी देण्यात आली. त्याने चारही रिकाम्या कुंड्या उकळत्या पाण्याने घासल्या. तुंगाने चारही चाफ्यांची मुळे धुऊन, सडकी छाटून, त्यांना नव्या मातीत बसवले. तिघांना पालवी फुटली आणि तीन विहिरी भरल्या. चौथा चाफा वाचला नाही. तिथे सिधोजीने नवे रोप लावले आणि वर्षभराने त्या विहिरीतही पाणी आले.

राजाने तुंगाला काय हवे ते माग म्हटले. तिने काहीच मागितले नाही. मुजराही तिने पुढचे वर्षभर केला नाही, आणि तो कर असे तिला सांगायला त्या राज्यात कोणी धजले नाही.