परिमळपूरचं बाळ आणि धुतलेला गुलाब

एक होता राजा, आणि तो दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. हसू नका, चांगला वास. कस्तुरीचा. राजा अजून वळणावर असायचा, तोवर दारातले शिपाई ताठ उभे राहायचे. भालदाराला ललकारी द्यायची वेळच यायची नाही.

त्या राजाच्या गावाचं नाव परिमळपूर. तिथे अत्तर लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. आपण कसे कपडे घातल्याशिवाय बाहेर पडत नाही, अगदी तसं. दिवाणजी त्रिंबकपंत केवडा लावायचे. राजाची आई, तिला सगळे आईसाहेब म्हणत, ती मोगरा लावायची. राणी रेवा तर एकावर एक सात अत्तरं लावायची, कारण राणीनं सात लावायची अशी तिथली रीत. घोड्यांच्या आयाळीला वाळा, हत्तीच्या कानामागे हिना. इतका वास, की कुणालाच वास येत नसे. पाण्यातल्या माशाला पाणी कुठे ठाऊक असतं, तसं ते, बरं का.

एकाच जागी अत्तराला मज्जाव होता. बाळंतिणीच्या खोलीत. सोयर असतं ना, म्हणून बारशापर्यंत तिथे कुपी जायची नाही. तेल, शेक आणि ओवा-शेपेची धुरी, बस्स.

मग काय झालं, राणी रेवाला मुलगा झाला. गुटगुटीत, डोक्यावर काळंभोर जावळ. आईच्या कुशीत शिरायचा आणि चुटूचुटू दूध प्यायचा. पिऊन झालं की तिच्या गळ्याशी नाक खुपसून झोपायचा.

मग बारसं आलं. राणीला न्हाऊ घातलं, शालू नेसवला आणि रीतीप्रमाणे सातही अत्तरं लावली. बायकांनी बाळाला पाळण्यात घातलं, कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. मग बाळाला भूक लागली. राणीनं त्याला पदराखाली घेतलं. आणि बाळानं तोंड फिरवलं.

राणीला वाटलं, गर्दीला बिचकलं असेल. तिनं कूस बदलली. त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. ते आईकडे असं बघायला लागलं, जशी ही कुणी परकी बाई. मग असं रडलं, असं रडलं, की पाळण्याची गाणी म्हणणाऱ्या बायका गप्पच झाल्या.

आता काय झालं ते तुम्हाला कळलं ना? कळलं असेल तर मनात ठेवा. कारण त्या गावात ते एकालाही कळलं नाही.

राजानं वैद्यबुवांना बोलावलं. वैद्यबुवांनी नाडी बघितली, जीभ बघितली. मग म्हणाले, "खोलीची हवा मंद आहे. चारी कोपऱ्यांत अत्तराचे फाये ठेवा." ठेवले. बाळ प्यायलं नाही.

मग आईसाहेबांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. जाताना बाळाच्या दुपट्याला थोडा मोगराही लावला, तेवढंच त्याला बरं वाटेल म्हणून. बाळ प्यायलं नाही.

मग दाई आणली. चांगली दूधवाली, खेड्यातली. पण राजवाड्यात बिनअत्तराचं कोण येणार? शिपायांनी दारातच तिच्या मनगटांना आणि मानेला हिना लावला. बाळानं तिच्याकडेही तोंड फिरवलं.

बोंडल्यानं शेळीचं दूध घालायचे, त्यातलं अर्धं बाहेर यायचं. बाळाच्या गालांची गोलाई गेली. मांड्यांच्या वळ्या गेल्या. वैद्यबुवा राजाला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, हे असं फार दिवस चालायचं नाही." 

मग राजानं दवंडी दिली. अत्तराच्या गावाला अत्तराशिवाय दुसरं काय सुचणार? ज्या अत्तरानं बाळ शांत होईल ते घेऊन या, म्हणाला. मोठ्या पेठेतले अत्तरवाले आले. एकापेक्षा एक जड अत्तरं घेऊन आले. बाळ शिंकलं, ओकलं, पुन्हा रडलं. होता होता पेठेतली सगळी दुकानं संपली. उरली एकटी सकीनाबी, घरच्या घरी अत्तर गाळणारी.

सकीनाबीचं घर गावाच्या टोकाला, ठकू परटिणीच्या घराला लागून. ठकू धुणं धुवायची तो दगड दोघींच्या परसात मधोमध. रिठ्याचं पाणी तिथून वाहायचं आणि सकीनाबीच्या एका गुलाबाच्या मुळाशी जायचं. तो गुलाब कुणी लावला नव्हता, आपला आपण उगवला होता. त्याला दुसरं पाणी माहीतच नव्हतं. फुलं फिक्कट, लहान. सकीनाबी ती कधी घ्यायची नाही. पण दवंडी आली तेव्हा बागेतली सगळी फुलं पेठेनं उचललेली. मग तिनं तीच फुलं तांब्याच्या हंड्यात घातली, वर झाकण ठेवलं, कडेनं माती लिंपली आणि खाली जाळ केला.

फुलांची वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. त्या भांड्यात आधी चंदनाचं तेल घालून ठेवायचं असतं. चंदन वास धरून ठेवतं. ते नसलं तर अत्तर कसलं.

तेवढ्यात ठकू आली. दगडावर धुणं आपटायला लागली आणि बोलायलाही.

"सकीना, ऐकलंस का? राणीची कापडं आज माझ्याकडे आली. सगळी ओली गं. पान्हा फुटतो तिला, आणि लेकरू तोंड लावत नाही."

"पान्हा आहे?" सकीनाबी म्हणाली.

"नुसता वाहतोय. धुताना माझेच हात थांबले."

सकीनाबीला स्वतःची लेकरं आठवली. ती चुलीपुढे बसून डोळे पुसत राहिली. आणि चंदनाचं तेल घालायचं राहूनच गेलं.

नंतर भांडं उघडलं तर तळाशी पाण्यासारखं काहीतरी, वर तवंग दिसेल न दिसेल. 

"ठकूबाई, घात झाला. हे ओतून टाकते."

"ओत. मी दगड सारवते त्यानं."

पण राजाचे शिपाई अत्तर न्यायला दारात उभेच होते. त्यांनी कुपी भरायला लावली आणि सकीनाबीला घेऊन गेले. ठकूही मागोमाग निघाली. एकटीला कशी सोडायची?

दरबारात एक रीत होती. राणीकडे जाणारं अत्तर आधी दिवाणजींनी हाताला लावून बघायचं, मग आईसाहेबांनी, मग राजानं. दिवाणजींनी एक थेंब मनगटावर घेतला, हुंगला आणि हसले.

"बाई, हे विहिरीवरून आणलंस की नदीवरून? गुलाब आहे म्हणतेस, पण कसा, तर शेजारच्या गल्लीतून कुणी फूल घेऊन गेलं असावं तसा. लागतो न लागतो तोच—"

आणि त्यांची पगडी हलली.

सगळा दरबार बघतोय. पगडीखालून एक नाग निघाला. सोनेरी, केवड्याच्या पानासारखा. तो दिवाणजींच्या कानावरून खांद्यावर, खांद्यावरून खांबावर आणि खिडकीतून बाहेर गेला. नाही रे, कुणाला चावला नाही. त्याला घरी जायचं होतं, केवड्याच्या बनात. इतक्या वर्षांचा दिवाणजींचा केवडा होता तो. रिठ्याच्या पाण्यावर वाढलेल्या गुलाबानं तो धुऊन काढला.

दिवाणजींनी पगडी चाचपली. आणि आता त्यांच्या अंगाला केवड्याचा वास येईना. तिथे येत होता लसणीच्या फोडणीचा. दिवाणजी चातुर्मासात कांदा-लसूण शिवत नाहीत, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं. मागून ठकू हळूच म्हणाली, "वांग्याचं भरीत दिसतंय."

मग आईसाहेब पुढे आल्या. त्या कुणाला भीत नसत. त्यांनी थेंब घेतला आणि तळहातावर चोळला. म्हणाल्या, "परटाघडीचं लुगडं उलगडावं तसं वाटतंय. हलकं. थंड." तोच त्यांच्या अंबाड्यातून पांढरी फुलपाखरं उडाली. मोगऱ्याच्या कळ्यांएवढी. इतकी, की छताला टांगलेली दिव्याची हंडी दिसेना. मग तीही खिडकीतून गेली. आईसाहेबांनी स्वतःचा हात हुंगला आणि त्या मटकन खाली बसल्या.

"आई, काय झालं?" राजा धावला.

"हा माझ्या आईच्या हाताचा वास आहे," त्या म्हणाल्या. "ती जाऊन किती काळ लोटला. हा माझ्याच हाताला होता? कधीपासून?"

मग राजानं थेंब घेतला. छातीवर लावला. एक श्वास घेतला आणि त्याच्या अंगरख्यातून एक हरीण उडी मारून बाहेर पडलं. खरंखुरं, कस्तुरीचं. पायऱ्या ओलांडून, शिपायांच्या डोक्यावरून ते जंगलाकडे गेलं. राजाच्या अंगाला आता वास येत होता घोड्याचा, घामाचा आणि त्यावर अगदी पुसटसा गुलाबाचा. भालदार इकडेतिकडे बघायला लागला.

"महाराज कुठे गेले?"

"अरे, मी इथेच आहे," राजा म्हणाला.

भालदारानं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, तेव्हा कुठे ओळखलं.

दरबार हादरून गेला होता, बरं का. लोक एकमेकांपासून दूर सरकत होते, उगाच थेंब अंगावर उडायचा. "पुरे," राजा म्हणाला. "ही कुपी बंद करा. राणीला हे लावायचं नाही. भर दरबारात तिची सातही अत्तरं उतरली तर कसं दिसेल?"

त्या गावात ते किती लाजिरवाणं, हे मी तुम्हाला सांगितलंच.

राणी रेवा बाळाला घेऊन पडद्यामागे बसली होती. बाळ आता रडतही नव्हतं. नुसतं कण्हत होतं. राणी उठली, पडदा बाजूला केला आणि सगळ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"माझं लेकरू वाळत चाललंय," ती म्हणाली. "माझ्या लाजेचं काय घेऊन बसलात? सकीनाबी, द्या ती कुपी."

"राणीसाहेब," सकीनाबी रडकुंडीला आली, "ते बिघडलेलं आहे. माझ्याकडून चूक झालीय."

"असू दे. द्या."

राणीनं कुपी हातावर उपडी केली आणि सगळं अत्तर गळ्याला लावलं. तिच्या अंगावरून एक पाखरू उडालं, हिरवं, वाळ्याचं. मग पिवळं, चाफ्याचं. मग जाईचं, बकुळीचं. एकामागून एक सात पाखरं उडाली आणि दरबाराला घिरट्या घालून निघून गेली. मागे आधी गुलाबाचा वास राहिला, नुकत्या धुतलेल्या फुलाचा. मग तोही गेला. धरून ठेवायला चंदन कुठे होतं?

मग राणीच्या अंगाला कसलाच वास उरला नाही, असं सगळ्यांना वाटलं. पण बाळाचं कण्हणं थांबलं.

त्यानं मान वळवली. नाक हललं. डोळे मोठे झाले. इतक्या दिवसांनी कुणी ओळखीचं अचानक दारात उभं राहावं, तसं ते आईकडे बघत राहिलं. मग त्यानं दोन्ही मुठींनी तिचा पदर ओढला. राणी तिथेच सिंहासनाच्या पायरीवर बसली, पदर घेतला, आणि बाळ प्यायला लागलं. चुटूचुटू. भर दरबारात दुसरा आवाज नव्हता.

राणी पांढरीफटक पडली होती. "म्हणजे मी त्याच्याजवळ नव्हतेच," ती पुटपुटली. "एवढे दिवस मी याला कुशीत घेत होते, आणि त्याची आई तिथे नव्हतीच."

आईसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आणि आम्ही काय केलं? फाये ठेवले, दुपट्याला मोगरा लावला. अगं, आम्ही त्याला उपाशी ठेवत होतो. मोठ्या प्रेमानं."

राजानं सकीनाबीला विचारलं, "हे केलंस तरी कसं?"

"महाराज, मी चंदनाचं तेल घालायला विसरले."

"विसरली नाही, मी बोलत बसले," ठकू म्हणाली. "थोडं श्रेय इकडेही येऊ द्या."

तेव्हा कुठे दरबार हसला. बाळानं दचकून एक डोळा उघडला आणि पुन्हा प्यायला लागलं.

त्या दिवशी राजानं नवी रीत घातली. तान्हं बाळ असलेल्या घरात शिरताना सगळ्यांनी अंगावरचं अत्तर दारातच धुऊन टाकायचं. राजा असला तरी. मग आत जायचं, आणि बाळ हुंगेल तसं हुंगू द्यायचं.

मग बाळाच्या वळ्या परत आल्या. ते रांगलं, चाललं, आणि पहिला दात आल्यावर त्यानं दिवाणजींचं बोट चावलं. राणी सुखात, राजा सुखात, सकीनाबी आणि ठकू भांडत-बोलत सुखात.

आता कुशीवर वळा आणि डोळे मिटा. 'मग?' असं कुणी विचारायचं नाही. मग काही नाही. मग झोप.