खुनानंतरचा प्रवेश

एका लहानशा संस्थानाच्या राजेसाहेबांना नाटकात खून लागायचे. एक मेला की टाळ्या, दुसरा मेला की शिट्ट्या. रोज मारून आणि मरून नाटकमंडळी थकून गेली होती. मंडळीच्या मालकीण भागीरथीबाईंनी खून कमी करू द्या म्हणून विनवलं, तर राजेसाहेब म्हणाले, "लोकांना हेच आवडतं. टाळ्या थांबल्या, तर संस्थान सोडा."

त्या दिवशी नाटकातला शिपाई मेला. टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात म्हाताऱ्या आईच्या वेशात भागीरथीबाई आल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. नाट्यगृह चिडीचूप झालं.

"हे काय नवीन घुसडलंत?" राजेसाहेब ओरडले.

"नवीन काही नाही, सरकार," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "रोज खून झाला की आम्ही लगेच पडदा पाडतो. आज पाडला नाही, इतकंच."

राजेसाहेबांनी मान खाली घातली.

"पाडा आता," ते म्हणाले, "आणि उद्या दुसरं काही लावा."